मोऱ्या, खैऱ्या आणि मधली कडी

मी एक जुना ट्रॅक्टर आहे आणि मी एक माणूस मारलेला आहे.

मित्रांनो, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. तुम्ही शाळेत छत्रीचं नाही तर फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहिता. ती मंडळी गरीब. त्यांनी आयुष्यात कुणाला साधं खरचटवलेलं नसतं. माझ्या नावावर एक माणूस, एक बकरी, सात कोंबड्या, दोन भिंती आणि एक पानटपरी आहे. पानटपरीचा मालक आत नव्हता म्हणून वाचला. तो बाहेर उभा राहून मला "येऊ दे, येऊ दे" म्हणत मागे घेत होता.

बकरी-कोंबड्यांबद्दल मला वाईट वाटतं. टपरीबद्दल वाटत नाही. पण माणसाचं नीट सांगायला हवं. कारण ते कसं झालं, हे चार वर्षं फक्त मला माहीत होतं, आणि मला बोलता येत नाही. मला फक्त हॉर्न आहे.

माझा जन्मच मारामारीत झाला. लोखंड वितळवलं, ओतलं, दाबलं, ठोकलं, भोकं पाडली आणि वरून लाल रंग फासला. लाल का, ते मला नंतर कळलं. पुढं कामही तसंच मिळालं. लोक म्हणतात, ट्रॅक्टर शेती करतो. मी शेती करत नाही. मी जमीन फाडतो, ढेकळं ठेचतो, मुळं उपटतो. त्यानंतर जे उगवतं, ते माझ्या भीतीने उगवत असावं.

साखऱ्याच्या पुढे माळाच्या पायथ्याशी एक तांडा आहे. तिथल्या पेमा आबांच्या दारात मी आलो, त्या दिवशी माझी पूजा झाली. आबांनी माझ्यावर नारळ इतक्या जोरात आपटला की नारळ शाबूत राहिला आणि माझा डावा दिवा फुटला. सगळे म्हणाले, शुभ आहे.

आबांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. आबांची स्वतःची शेवटची जोडी म्हणजे मोऱ्या आणि खैऱ्या. ते दोघं म्हातारे होऊन गेले, त्यानंतर मी आलो. पहिल्याच दिवशी आबा माझ्यावर चढले, मला चालू केलं आणि गोठ्याकडे निघाले. गोठा जवळ आला तसं त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि ओरडले, "हो! हो! हो रे राजा!"

मी थांबलो नाही. मला तसं कुणी शिकवलं नव्हतं. गोठ्याची भिंत पडली. आबा विटांच्या धुळीत सीटवर बसून होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "ह्याची येसण कुठंय?"

त्यानंतर आबांनी मला चालवलं नाही. चालवायचा तो त्यांचा थोरला मुलगा संतोष. आबांनी माझी देखभाल पत्करली. म्हणजे ते मला धुवायचे, टायरवरून हात फिरवायचे आणि माझ्याशी बोलायचे. संतोषने त्यांना एकदा ब्रेक समजावून सांगितले. मित्रांनो, तुम्हीही हे ऐकून ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

मला ब्रेकचे पायडल दोन असतात, अगदी शेजारी-शेजारी. उजवा दाबला की मागचं उजवं चाक अडतं, डावा दाबला की डावं. शेतात तासाच्या टोकाला जागच्या जागी वळता यावं म्हणून ही सोय. पण रस्त्यावर वेगात असताना एकच चाक अडलं, तर मी गर्रकन फिरतो आणि मग मी कुणाचाच नसतो. म्हणून रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही पायडल एकमेकांना जोडायचे. त्यासाठी मध्ये बोटाएवढी एक लोखंडी कडी असते.

आबांनी खाली वाकून पाहिलं. "म्हंजे हा मोऱ्या, हा खैऱ्या, आन् मधी हे जू."

"बराबर," संतोष म्हणाला.

बाप-लेकाचं आयुष्यात जे दोन-तीनदा जमलं, त्यातला हा एक प्रसंग. पण त्यात एक गफलत होती. आबांच्या घराण्यात एक नियम होता. उभ्या जनावराच्या मानेवर जू ठेवायचं नाही. गाडी पाच मिनिटं जरी थांबली, तरी बैल मोकळे करायचे. त्यामुळे मी कुठंही उभा राहिलो की आबा यायचे, काठीच्या टोकाने कडी उचलून बाजूला सारायचे आणि दोन्ही पायडलना हलकेच थोपटायचे. "घ्या रे, इसावा घ्या."

खरे मोऱ्या-खैऱ्या जिवंत असताना त्यांचेही इतके लाड झाले नसतील. मला ते आवडायचं. आबांना आपण हे करतो याचा पत्ताही नसायचा. तुम्ही सकाळी कोणत्या पायात चप्पल आधी घातली, सांगा बरं. तसंच ते.

संतोष सकाळी निघताना कडी घालायचा आणि आबा काढायचे. शेतात कडी काढावीच लागते, त्यामुळे ती उघडी दिसली तरी संतोषला कधी नवल वाटलं नाही. अशी दहा वर्षं बिनबोभाट गेली.

आता प्रेमसिंग. संतोषचा धाकटा भाऊ. हा माणूस माझ्या मडगार्डवर बसण्यासाठीच जन्माला आला होता. ट्रॉली रिकामी असो नाही तर भरलेली, प्रेमसिंगची जागा डाव्या चाकावर. त्याची बायको रूपाबाई हिने त्याला बसायला एक पोतं शिवून दिलं होतं, आत चिंध्या भरून, वर आरसे लावून. ऊन पडलं की त्यातून माझ्या अंगावर कवडसे नाचायचे. मी नटवलेला ट्रॅक्टर होतो.

"प्रेम्या, खाली उतर. पडशील एखांद्या दिवशी," संतोष म्हणायचा.

"हितून जग दिसतं, भाऊ. तुला नुसता रोड दिसून राहिला."

आणि संतोष हसायचा. दहा वर्षं तो हे बोलला आणि दहा वर्षं हसला.

त्या दिवशी माळावरच्या शेतातून हळदीची ट्रॉली भरली होती. संतोषने शेतातून निघताना कडी घातली. मी साक्षीदार आहे, माझ्याच अंगावर घातली. उताराच्या तोंडाशी पळसाखाली आबा बसले होते. पाणी प्यायला आम्ही थांबलो. पाचच मिनिटं. संतोष आणि प्रेमसिंग पाणी पीत होते आणि आबा नेहमीप्रमाणे माझ्याजवळ आले. काठीचं टोक. खट्. थोपटणं. "घ्या रे, इसावा घ्या."

मग ते दोघं वर चढले आणि आम्ही निघालो.

उतार तसा फार नाही. पण मागे भरलेली ट्रॉली होती आणि संतोषने मला वरच्या गिअरात सोडलं होतं, कारण सगळेच सोडतात. प्रेमसिंग काहीतरी गुणगुणत होता. खाली नाल्यावरच्या फरशी पुलाशी एक वासरू आडवं आलं. संतोषने पाय मारला. पाय उजव्या पायडलवर पडला. मोऱ्या थांबला. खैऱ्या थांबला नाही.

मी उजवीकडे असा फिरलो की माझं मलाच कळलं नाही. ट्रॉलीने मला मागून ढुशी दिली. प्रेमसिंग डाव्या मडगार्डवरून उडाला, आधी आरशांचं पोतं आणि त्याच्यामागे तो, आणि ट्रॉलीचं चाक त्याच्यावरून गेलं. त्याचं गाणं अर्ध्यात तुटलं. माझा हॉर्न मात्र दाबला जाऊन अडकला होता. संतोषने तो दिल्लीहून आलेल्या कुणाकडून हौसेने बसवून घेतला होता, सनईच्या सुरातला. मी नाल्यात डाव्या कुशीवर पडलो होतो, माझी चाकं हवेत फिरत होती आणि मी लग्नातली सनई वाजवत होतो. वायर तोडेपर्यंत वाजवत होतो.

वासराला काही झालं नाही.

त्यानंतर तांडा मला मारायला आला. काठ्या, पहारी, कुऱ्हाडी, ज्याला जे मिळालं ते. एका म्हाताऱ्याने टायरवर काठी हाणली, ती उडून त्याच्याच कपाळात बसली. तो गुन्हाही माझ्याच नावावर गेला. मी तक्रार केली नाही. पोलिसांनी माझी लांबी, रुंदी आणि उंची मोजली. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा मोजल्या. संतोष एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी कडी घातली व्हती. शप्पत, मी घातली व्हती."

कडी उघडी सापडली. दगडावर आपटून वाकलेली, पण उघडी.

लोक त्याच्यासमोर काही बोलले नाहीत. हेच वाईट झालं. सहा महिन्यांनी संतोषनेही ते वाक्य म्हणणं सोडलं. मला वाटतं, त्यालाही आता ते खरं वाटेनासं झालं होतं. त्याचे हात थरथरू लागले. चहाचा कप धरला की बशीवर टिकटिक व्हायची. तो माझ्याकडे पाहायचा नाही.

मला ओढत आणून तांड्याच्या कडेला लिंबाखाली टाकलं. तिथं कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. मी त्यांच्यातल्या सात जणी मारल्या होत्या, त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

रूपाबाईने घेतलं. माझ्यापासून चार पावलांवर एक काळा दगड पडलेला असायचा, वरवंट्याएवढा. रोज सकाळी पाण्याला जाताना ती कळशी खाली ठेवायची, तो दगड उचलायची आणि मला एक हाणायची. एकच. मग दगड जागेवर ठेवून पाण्याला जायची. बोनेट, मडगार्ड, रेडिएटरची जाळी, एक उजवा दिवा वगळता तिने कुठलीच जागा सोडली नाही. तापाने दोन दिवस उठली नाही, तर तिसऱ्या दिवशी तीन मारायची. मी हिशेब ठेवला नाही. पण चुकलं कधीच नाही.

चार वर्षं अशी गेली.

मग निताच्या डोक्यात आलं. निता म्हणजे संतोषची मुलगी, वय एकोणीस, सेनगावला कॉलेजात. एक दिवस तिने सीटवरची कोंबडी उचलून खाली ठेवली आणि स्वतः बसली.

"बापू, मी ट्रॅक्टर शिकणार."

संतोषच्या बशीत चहा सांडला. "काहून?"

"पेरणीच्या टायमाला भाड्याचा ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी आपल्याकडं येतो. दर साली. जमिनीची वल निघून गेल्यावर. आन् आपला हितं अंडी घालून राहिला."

रूपाबाई कळशी घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली. "निते, ऐक. हे यंत्र ज्या दिवशी रोडवर चढंल ना, त्या दिवशी मी त्याच्याम्होरं जाऊन बसन. न्यायचं तर माझ्यावरून ने. एक नेलाच हाय त्यानं." आणि तिने दगड उचलून मला त्या दिवसाचा हप्ता दिला.

निताला काकीची भीती वाटत होती. मलाही वाटत होती. पण निता दुसऱ्या दिवशी कळमनुरीहून बालाजी मिस्त्रीला घेऊन आली.

बालाजी मिस्त्री हा माणूस इंजिनाशी शिव्यांत बोलतो आणि माणसांशी बोलतच नाही. त्याने माझं पोट फाडलं, आतून एक उंदराचं कुटुंब बेघर केलं, तीन दिवस ठोकलं, पिळलं, खरवडलं. जन्माच्या वेळी इतकं दुखलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी खोकलो आणि सुरू झालो. शेवटी तो पायडलपाशी वाकला.

"मामा, ही कडी वाकलीय. बदलता का?" निताने विचारलं.

"नगं. ही दगडानं ठोकल्याबिगर बसणार न्हाई."

"मग बदला की!"

"नवी कडी बोटानं बसती. बोटानं केलेलं ध्यानात राहत न्हाई, बाई. ह्याला रोज खाली वाकून दगड मारावा लागंल. वाकलं की इसरायचं न्हाई."

एवढं बोलून तो मोटरसायकलवर बसला. त्या वर्षातलं त्याचं ते सगळ्यात लांब भाषण असावं.

निता शिकू लागली. शिकवायला संतोषच होता, पण तो माझ्याकडे पाठ करून बाजेवर बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तो फक्त आवाज ऐकायचा.

"क्लच अर्धाच दाबून राहिलीस."

"तुमाला कसं कळलं, बापू? तुमचं तोंड तर तिकडं हाय."

"तो रडून राहिला ना. ऐकू येत न्हाई व्हय?"

मी रडत नव्हतो. पण क्लच खरंच अर्धा होता.

ट्रॉली मागे घेणं हा तर छळच. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते, आणि हे कळायला बऱ्याच लोकांचा जन्म जातो. निताने तेलाचे दोन रिकामे डबे उभे केले आणि त्यांच्यामधून ट्रॉली मागे न्यायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून अकरा डबे ठार केले. बाराव्याला नुसतं घाबरवलं. तांड्यातली लेकरं मग मेलेल्या डब्यांचे ढोल वाजवायची.

मात्र काही गोष्टींत ती ऐकायची नाही. मडगार्डवर तिने कुणालाही बसू दिलं नाही, आपल्या मैत्रिणीलाही नाही. एका पोराने चालत्या ट्रॅक्टरवर उडी मारायचा प्रयत्न केला, तर तिने मला थांबवलं, खाली उतरली आणि त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की माझा सायलेन्सर लाजला. ओढणी ती कमरेला घट्ट बांधायची, कारण माझ्या मागे एक दांडा गरागरा फिरतो आणि त्याला कपडा फार आवडतो. निघण्याआधी ती माझ्याभोवती एक फेरी मारायची, मग खाली वाकायची आणि दगडाने कडी बसवायची. ठक्. हिंगोलीला जाऊन तिने आधी शिकाऊ आणि मग पक्कं लायसन काढलं. फोटोत ती हसलेली नाही. तोही नियम असावा.

आणि मग तो दिवस आला. माळावरचं सोयाबीन निघालं, पोती भरली आणि भाड्याचा ट्रॅक्टर नेहमीप्रमाणे "उद्या" म्हणाला. आकाश भरून येत होतं.

"मी आणते," निता म्हणाली.

संतोष बाजेवरून उठला आणि पुन्हा बसला. मग पुन्हा उठला आणि आमच्यामागून चालत माळावर आला. ट्रॅक्टरवर नाही बसला.

जाताना रूपाबाई घरी नव्हती, सगळं नीट झालं. पोती चढली. आबा पळसाखाली बसले होते. आता ऐंशीच्या घरात, नजर अधू, काठी तीच. निता शेतातून ट्रॉली घेऊन उताराच्या तोंडाशी आली आणि दोर आवळायला खाली उतरली. पाचच मिनिटं.

आबा उठले. माझ्याजवळ आले. माझं तेल थिजलं, मित्रांनो. मी हॉर्न वाजवायचा प्रयत्न केला, पण तो माझ्या हातात नसतो.

काठीचं टोक. कडी घट्ट होती, आबांना दोन-तीनदा उचकावी लागली. खट्. मग थोपटणं. "घ्या रे, इसावा घ्या."

निता दोर आवळून आली. माझ्याभोवती फेरी मारली. आणि खाली वाकली.

ती बराच वेळ वाकलेली राहिली.

"बापू," ती म्हणाली, "मी शेतातून निघताना कडी ठोकली व्हती ना?"

संतोष पांढरा पडला. हे वाक्य त्याचं होतं. "ठोकली व्हती. मी आवाज ऐकला."

"मग ही उघडी कशी?"

"मी सोडली की," आबा सहज म्हणाले. "उभं व्हतं ना. उभ्या बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, बाई. मी कायमच..."

आणि ते तिथंच थांबले.

आबांनी एकदा कडीकडे पाहिलं, एकदा हातातल्या काठीकडे आणि एकदा खाली, फरशी पुलाकडे. मग ते मातीत बसले.

"त्या दिशी बी," ते म्हणाले. "संत्या, त्या दिशी बी आपुन हितंच पाणी पेलो व्हतो."

संतोषने आपले हात वर धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं, जणू कुणीतरी ते चार वर्षांनी परत आणून दिले होते. मग तो असा ओरडला की पळसावरचे कावळे उडाले. "मी घातली व्हती! घातली व्हती मी!" आणि मुठीने माझं मडगार्ड बडवू लागला, इतकं की त्याची बोटं फुटली आणि रक्त माझ्या लाल रंगात मिसळून दिसेनासं झालं. आबा खाली बसून आपल्याच काठीने आपल्या डोक्यावर मारत होते. निता आधी बापाचे हात धरायला धावली, मग आजोबांची काठी. एकोणीस वर्षांच्या मुलीला दोन दांडगे पुरुष आवरत नव्हते, त्यात ढगांनी गडगडायला सुरुवात केली.

शेवटी तिने काठी हिसकावून ट्रॉलीत फेकली. "रडायचं खाली जाऊन रडा! सोयाबीन भिजंल!"

तिने दगड घेतला, कडी ठोकली, पायडल दाबून पाहिले, दोनदा. वर चढली. खालचा गिअर टाकला. आणि आम्ही उतारावर निघालो, गोगलगायीला हसू येईल इतक्या सावकाश.

वळणावर आलो तर फरशी पुलाच्या मधोमध रूपाबाई बसली होती. मांडीवर काळा दगड.

निताने पाय मारला. मोऱ्या आणि खैऱ्या एकदम थांबले. ट्रॉलीने मागून एक धक्का दिला, आम्ही हातभर घसरलो आणि सरळ, अगदी सरळ, रूपाबाईपासून चार पावलांवर उभे राहिलो. चार पावलं म्हणजे रोज तो दगड पडलेला असायचा तेवढंच अंतर.

रूपाबाई हलली नाही. "थांबलं व्हय," ती म्हणाली. "तवा न्हाई थांबलं."

मागून संतोषच्या खांद्यावर हात टाकून आबा आले. रूपाबाईने सवयीने पदर पुढे ओढला. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. आबा तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. काहीही न लपवता. काठी, कडी, पळस, पाणी.

"चूक माझी हाय, पोरी. हेची न्हाई," ते माझ्याकडे हात करून म्हणाले. "संत्याची न्हाई."

"माझी बी हाय," संतोष म्हणाला. "वरच्या गिअरात सोडलं व्हतं मी. आन् त्याला खाली उतर म्हनून हसायचो."

रूपाबाई उठली. पदर मागे गेला. तिने आबांकडे सरळ पाहिलं आणि दगड उचलला. निता ओरडली. आबांनी डोळे मिटले, पण जागचे हलले नाहीत.

दगड आबांच्या कानावरून गेला आणि माझ्या उजव्या दिव्यावर बसला. काच अंगभर उडाली. पूजेच्या दिवशी डावा फुटला होता, आता उजवा. मी पुरता आंधळा झालो.

"आन् पोतं?" रूपाबाई म्हणाली. "पोतं कुनी शिवून दिलतं त्याला? तितं बसायला, आरसे लावून? सांगा ना. मी दिलतं. चार वर्सं मी ह्याला मारून राहिले. मला कोन मारंल?"

पावसाचे मोठे थेंब पडू लागले. रूपाबाई रस्त्याच्या कडेला सरकली. "ने," ती निताला म्हणाली. "सोयाबीन भिजंल."

सोयाबीन थोडं भिजलंच.

मित्रांनो, यानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. आबांनी दोन महिने कुणाशी बोलणं टाकलं. संतोषच्या हातांची थरथर अर्धीच गेली. चहा आता बशीत कमी सांडतो एवढंच. तो अजून मला चालवत नाही, पण माझ्याकडे तोंड करून बसतो.

आणि रूपाबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला निघाली. कळशी खाली ठेवली. दगड उचलला. मी मनाची तयारी केली. बोनेट, मडगार्ड, जाळी, तिची आवडती जागा कुठली हे चार वर्षांत मला पाठ झालं होतं.

ती वाकली. पायडलपाशी. मोऱ्या आणि खैऱ्यामधली ती वाकडी कडी तिने बोटाने जागेवर आणली आणि दगड मारला. ठक्. मग जोर लावून हलवून पाहिली. दगड जागेवर ठेवला आणि पाण्याला गेली.

तेव्हापासून रोज मारते. निता नंतर येऊन पुन्हा तपासते, ठोकलेलीच पुन्हा ठोकते. मी उभा असलो की आबाही लांबूनच काठी जमिनीवर आपटतात आणि ओरडतात, "राहू दे रे जू! उभ्यानंच इसावा घ्या!" जुना नियम मोडताना त्यांना अजून त्रास होतो.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, लहान असो की मोठा, तर त्याच्यावर प्रेम करू नका. फार झालं प्रेम. आरसे लावून झालं, थोपटून झालं, हसून झालं. निघण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारा, खाली वाका आणि कडी बघा. आपण काल घातली होती, मघाशीच घातली होती, हे सगळं बाजूला ठेवून पुन्हा बघा. आणि कुणी मडगार्डवर चढायला लागलं, तर हसू नका.

मला दोन्ही दिवे नाहीत, त्यामुळे अंधार पडला की मी घरी असतो. सकाळ झाली की मात्र ऐकत असतो. पावलं येतात, कळशी जमिनीवर टेकते, दगड उचलल्याचा आवाज येतो. आणि मग ठक्.

आज थोडं जोरात होतं. प्रेमसिंगच्या श्राद्धाचा दिवस आहे.